ताई, तुम्ही फक्त स्वतःच्या कोपराला हात लावला

ताई, नमस्कार. हे समोर बोलायला पाहिजे होतं, पण तुमच्यासमोर आलं की घसा दाटून येतो म्हणून इथंच लिहितोय.

तुमच्या आधी मी दुसऱ्या एका संस्थेत स्वयंसेवक होतो. पहिल्याच दिवशी टोपी, टी-शर्ट, ग्रुप फोटो, हातात लेकरांचा दंड मोजायची पट्टी आणि जा म्हणले वस्तीवर. पट्टी कुठं लावायची, किती ओढायची, कोणी सांगितलं नाही. धारूरकडच्या एका तांड्यावर एका आईनं तोंडावरच विचारलं, "तुला तरी कळतंय का रे काय मोजायलास?" खरंच कळत नव्हतं. दोन महिन्यात आमच्यातले नऊ जण गळाले आणि साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, आजकालच्या पोरांत सेवाभावच नाही. लई लागलं ते. सेवाभाव होता म्हणूनच उन्हात फिरत होतो ना, पण आपल्याला काहीच येत नाही हे रोज घेऊन घरी यायचं म्हणल्यावर कोण टिकेल?

तुम्ही दोन दिवस नुसती पट्टीच शिकवली. डावा दंड, खांदा ते कोपर बरोबर मध्य, हात सैल, पट्टी कातडीला टेकावी पण रुतू नये. 11.5 सेंटीमीटरच्या आत लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, तिथून 12.5 पर्यंत पिवळा, म्हणजे मध्यम, आणि त्यापुढं हिरवा. ढिली राहिली तर कुपोषित लेकरू हिरव्यात जातं, आणि दसऱ्यानंतर आईबाप उचल फेडायला त्याला घेऊन उसाच्या फडात गेले की ते परत सापडायचं कधी, हे तुम्ही सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आणि ते पहिलं घर. घाईत मी पट्टी कोपराजवळ लावली, पिवळं आलं. तुम्ही दाराशी बसला होतात. काही बोलला नाहीत, स्वतःच्या कोपराला हात लावला आणि बोट हळूच वर सरकवलं. त्या माउलीला कळलंसुद्धा नाही. मी परत मोजलं, 11.3. लाल. आणि आता काय करायचं हे तिनं तुम्हाला नाही, मला विचारलं. मला, ताई!

चारचौघात माणसाची लाज राखून शिकवणारी माणसं किती कमी राहिलीत. त्या दिवसापासून एक फेरी चुकवली नाही मी. यंदा ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत आठ गावं मोजायचीत, नवीन पोरं आलीत, जमलं तर एक दिवस या. दारात नुसतं बसलात तरी चालेल.