तांडेलकाका, तुमचा 'आता!' अजून कानात आहे

प्रिय तांडेलकाका,
सा. न. वि. वि.

परवा रविवारी वाचनालयातला माझा हॅम रेडिओचा (म्हणजे लायसन्स काढून हौशी माणसं चालवतात त्या रेडिओचा) कार्यक्रम संपल्यावर मी वायरी गुंडाळत बसलो आणि मान वर करून बघतो तर तुम्ही निघून गेलेले, चहासुद्धा न घेता. वाचनालयाच्या सरांना विचारलं तर म्हणाले वारा पडला म्हणून जेटीवर गेले. म्हणून हे पत्र. तुम्ही फोनवर असलं काही वाचणार नाही हे मला माहितीये, पण तुमचा भाचा वाचून दाखवेल आणि बाकीच्यांनाही कळू दे की त्या दिवशी मालवणातून जगभर हाका गेल्या त्या कुणामुळे. पोस्टरवर नाव माझं होतं, काम अर्धं तुम्ही केलंत.

सुरुवात माडापासून. मी अँटेनासाठी वीस मीटरची तार घेऊन आलेलो, एक टोक वाचनालयाच्या गच्चीवर आणि दुसरं कुठेतरी उंच बांधायचं एवढाच माझा प्लॅन. तासभर मी दोरीला दगड बांधून माडावर फेकत होतो, दगड दोनदा कौलांवर, एकदा शेजारच्यांच्या वाळवणात. तुम्ही जेटीवरून तसेच आलेले, खांद्याला ती पिशवी, दोन मिनिटं नुसतं बघितलंत आणि भाच्याला हाक मारलीत. पोरगा सरसर वर गेला आणि खालून ताण घेऊन शेवटची गाठ तुम्ही मारलीत. मी म्हटलं काका सैल राहिली, वाऱ्यात सुटेल. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसतं हसलात. त्या गाठीचं पुढे सांगतो.

मग हॉल. तीस-पस्तीस माणसं, अर्धी शाळेतली पोरं. प्रोजेक्टर लावला, रेडिओ १४.०७४ मेगाहर्ट्झवर, म्हणजे एफटी८ च्या जागी (यात कॉम्प्युटर सुरांमधून छोटे निरोप पाठवतो आणि वाचतो), आणि पडद्यावर तो निळा धबधबा, म्हणजे येणाऱ्या सिग्नलांचं चित्र, पडायला लागला. वाटलं होतं त्यात पिवळ्या रेघा दिसतील, रेघा म्हणजे माणसं, पण दिसलं काय तर सगळा पडदा पिवळट, नुसता कचरा. हॉलमधल्या एलईडी ट्यूबा, स्वस्तातले चार्जर, तो इन्व्हर्टर, सगळे मिळून रेडिओच्या कानात कोकलत होते. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ (कमिटीतले, नाव नको) म्हणाले, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर होतं की हो. लोक हसले, मीही हसलो, पण आतून घाम फुटलेला.

आणि तेवढ्यात लाईट गेली.

खरं सांगतो काका, मला वाटलं संपलं. लॅपटॉप जुना, बॅटरी मेलेली, लाईट गेल्याबरोबर तोही गेला. तोवर पोरं गप्प बसावीत म्हणून मी ते एसएसटीव्हीचं केलं, म्हणजे एका मुलीने वहीत काढलेल्या बांगड्याचा फोटो एका मोबाइलमधून नुसत्या आवाजाने दुसऱ्या मोबाइलमध्ये. रोबोट ३६ नावाची पद्धत, ३६ सेकंद किरकिर आवाज आणि दुसऱ्या फोनवर वरून खाली ओळ ओळ करत बांगडा उमटतो. मध्येच कुणीतरी शिंकलं तर माशाच्या पोटावर पट्टा आला, आणि त्या शिंकेच्या पट्ट्यानेच पोरांना सगळ्यात जास्त समजलं की चित्र म्हणजे इथे आवाजच आहे. माझ्या तासभराच्या लेक्चरपेक्षा ती शिंक भारी.

मग लॅपटॉप इन्व्हर्टरवर लावला तर इन्व्हर्टरचा कचरा चालूच. तेव्हा मागून तुमचा पहिला आवाज आला, "तो इन्व्हर्टर बंद कर रे आधी, माझ्या बोटीवरच्या रेडिओकपण तोच त्रास." तुम्ही चॅनल १६ (बोटींचा हाकेचा आणि संकटाचा चॅनल) ऐकत आयुष्य काढलेला माणूस, तुम्हाला कचऱ्याचा आवाज कळणारच. रेडिओ तसाही माझ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर होता, लॅपटॉपपण त्याच बॅटरीवर कन्व्हर्टर लावून आणला, सगळ्या हॉलचं बाकी सगळं बंद. प्रोजेक्टर गेला, लोक लॅपटॉपभोवती गोळा झाले. आणि काका, काय तो पडदा! काळानिळा स्वच्छ, त्यावर बारीक बारीक रेघा, वीसेक तरी असतील. लाईट जाणं हे मालवणात एवढं उपयोगी कधी पडलं असेल असं वाटत नाही.

पण रेघा दिसतायत आणि डावीकडची वाचलेल्या निरोपांची यादी रिकामी. एकही अक्षर नाही. पंधरा सेकंद, तीस सेकंद, दोन मिनिटं. तुम्ही विचारलंत, "रेघो दिसतत मां, मग वाचता कित्याक येत नाय?" आणि मला उत्तर माहीत होतं पण सांगायची लाज वाटत होती. लॅपटॉपच्या आतली ती बटणाएवढी बॅटरीपण मेलेली, त्यामुळे बंद होऊन चालू झाला की घड्याळ कुठल्या तरी जुन्या सालात जातं. घरी नेटवरून आपोआप बरोबर होतं, इथे लाईटबरोबर टॉवरपण गेलेला. मी मोबाइल बघून हाताने टाइम टाकला होता, पण मोबाइलवर सेकंद कुठे दिसतात, अंदाजपंचे मारलं.

आणि एफटी८ मध्ये अंदाज चालत नाही. सगळं जग एकाच घड्याळावर पंधरा पंधरा सेकंदांच्या पाळ्या लावून बसलेलं असतं, एका पाळीत बोलायचं, पुढच्यात ऐकायचं. पाळीतले १२.६४ सेकंद सूर वाजतात, एकूण ७९ सूर, आठ वेगवेगळ्या उंचीचे, सगळी मिळून रुंदी फक्त ५० हर्ट्झ. त्यात ७७ बिटांचा निरोप आणि बाकी चुका दुरुस्त करायची भर, म्हणून मधले काही सूर वाऱ्याने खाल्ले तरी निरोप पुरा येतो. कानाला जिथे नुसती खरखर, तिथून हे उणे २० डेसिबलपर्यंत, म्हणजे खरखरीच्या शंभराव्या हिश्श्याएवढा सिग्नलही, उकरून काढतं. पण कधी ऐकायला सुरुवात करायची हे माहीत पाहिजे. तुम्ही विचारलंत, "टायम कितीक चुकलो तर चलता?" मी म्हटलं एक सेकंद ठीक, दोन ओढूनताणून, माझा बहुतेक चार-पाच चुकलाय.

"मगे थांब. माझ्या पिशयेत जीपीएस आसा."

काका, मी हे वाक्य घरी बायकोला चार वेळा सांगितलंय. मोबाइलमध्येही जीपीएस असतो हे त्या क्षणी हॉलमधल्या एकालाही सुचलं नाही, मला तर अजिबात नाही, आणि तुम्ही त्या पिशवीतून, सुक्या सुंगटांच्या पुडीखालून, तो पिवळा जीपीएस काढलात आणि खिडकीशी जाऊन उपग्रह पकडत उभे राहिलात. विंडोजमध्ये हाताने टाइम भरून बटण दाबलं की सेकंद शून्यावर येतात, म्हणजे मिनिट पलटताना बरोब्बर दाबलं पाहिजे. मी बोट ठेवून बसलो, सगळा हॉल चिडीचूप, तुम्ही खिडकीतून मोजताय, अठ्ठावन्न, एकोणसाठ, "आता!"

पुढच्याच पाळीला यादी धडाधड भरली. इटली, रशिया, इंडोनेशिया, जपानचा एक उणे १९ वर. टाइमाच्या रकान्यात, म्हणजे घड्याळांतला फरक, सगळे ०.३, ०.४ सेकंद. पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि कमिटीतले गृहस्थ खुर्ची पुढे सरकवून बसले, हे मी मुद्दाम बघितलं.

एक गोष्ट तेव्हा सांगायची राहिली. हे एफटी८ २०१७ साली ज्या दोघांनी काढलं त्यातले एक जो टेलर, १९९३ चं फिजिक्सचं नोबेल रसेल हल्स यांच्याबरोबर मिळालेले. १९७४ मध्ये त्या दोघांना दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा एक पल्सार सापडला होता, पल्सार म्हणजे घड्याळासारखी टिकटिक करणारा तारा, आणि ती टिकटिक वर्षानुवर्षं मोजत बसणं हे त्यांचं काम. त्यामुळे या माणसाने केलेला रेडिओचा खेळ सेकंदावर अडून बसतो याचं मला आता नवल वाटत नाही.

मग मी आपला सीक्यू (म्हणजे 'कुणीही उत्तर द्या') टाकला, वीस वॉट, म्हणजे एका साध्या बल्बाएवढं. तिसऱ्या हाकेला इटलीचा आला. त्याने माझं कॉलसाइन (लायसन्सवरचं रेडिओचं नाव), त्याचं कॉलसाइन, त्याचा चौकोन (नकाशावरची जागा, पुढे सांगतो) पाठवला, मी त्याला त्याचा सिग्नल किती ते सांगितलं, त्याने मला उणे १४ दिलं, मग आरआर७३, म्हणजे सगळं मिळालं, मग ७३, म्हणजे रामराम. दीड मिनिटात खलास. सगळे टाळ्या वाजवतायत आणि तुम्ही एकटे कपाळाला आठी घालून, "पण ह्येच्यात बोलता कोण?"

या प्रश्नावर मी नेहमी अडकतो. खूप जुने हॅमही हेच म्हणतात, की कॉम्प्युटर कॉम्प्युटरशी बोलतो, माणूस कुठे आहे. मी काहीतरी सिग्नल रिपोर्ट, प्रोपगेशन वगैरे सांगायला लागलो आणि तुम्ही मध्येच थांबवलंत, "म्हंजे ह्या बोलणा न्हय. ही हाक." आणि मग तुम्हीच पोरांना सांगितलंत की पूर्वी काळोखात दोन होड्या लांबून एकमेकांना हाक द्यायच्या, त्यात गप्पा नसतात, कोण आहे, कुठे आहे, ऐकू येतंय का, बस. ऐकू आलं की पुढे. काका, सहा वर्षं मी हे करतोय आणि मला हा शब्द सापडला नव्हता. परवापासून मी एफटी८ ला हाकच म्हणतो, पुण्यातल्या मित्रालाही तेच म्हणायला लावलंय.

चौकोनाचं पण तुमच्यामुळेच रंगलं. तुम्ही जीपीएसवरून वाचलंत, १६ अंश ३ मिनिटं उत्तर, ७३ अंश २८ पूर्व, आणि मी फळ्यावर त्याचं एमके६६ करून दाखवलं. दोन अंश रुंद, एक अंश उंच असा चौकोन, इकडे मालवणपासून वर रत्नागिरीपर्यंत आणि समुद्रात दीडेकशे किलोमीटर आत. खाली वेंगुर्ला लगेच एमके६५. तुम्ही नकाशावर बोट फिरवून म्हणालात की तुमची सगळी मासेमारी या एका चौकोनात आली. ते वाक्य त्या मुलीने वहीत बांगड्याखाली लिहून घेतलंय.

तौक्तेचं तुम्ही विचारलंत तेव्हा मी जरा गडबडलो, म्हणून इथे नीट लिहितो. २०२१ च्या मे महिन्यात लाईट नाही, फोन नाही असे दिवस आपण काढले, तेव्हा याचा काय उपयोग झाला असता? एफटी८ चा जवळजवळ काही नाही. त्यात स्वतःच्या शब्दांत लिहायचं तर फक्त १३ अक्षरं, तीही रोमन. "येवा कोकण आपलोच आसा" पाठवायचं म्हणून पोरांनी हट्ट धरला होता तर शेवटी "येवा कोकण" एवढंच बसलं, बेंगळुरूच्या एका ओळखीच्याला (बटण मी दाबलं, लायसन्स माझं). वादळात खरा निरोप द्यायचा तर जेएस८कॉल बरं, ते एफटी८ च्याच सुरांवर बांधलंय पण त्यात सावकाश का होईना हवं ते टाइप करता येतं, समोरचा जागेवर नसला तरी निरोप पडून राहतो. नाहीतर सरळ माइक धरून बोलायचं. एफटी८ चा फायदा एवढाच की कुठला रस्ता उघडा आहे ते आधी कळतं. दिवसा वीस मीटरचा पट्टा (आपला १४ मेगाहर्ट्झवाला) लांब जातो, रात्री तो निजतो आणि चाळीस मीटरचा जागा होतो, जागा होतो तो आभाळातला खालचा थर सूर्य गेल्यावर विरतो म्हणून. तुम्ही म्हणालात ना, बोटीवर रात्री लांबची मिडियम वेव्ह स्टेशनं लागतात आणि दिवसा गायब, ते याच कारणाने. भरती-ओहोटीसारखं, फक्त हिचं पंचांग थोडं लहरी.

बांगड्यावाल्या मुलीने लायसन्सचं विचारलं, ती ११ ची आहे, १२ पूर्ण झाली की परीक्षा देता येते, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, म्हणजे सुरुवातीच्या लायसन्सला, मोर्सही लागत नाही. तुमच्या भाच्यालाही सांगा, माडावर चढणारा हॅम म्हणजे सोन्याची कोंबडी.

टॉवर आल्यावर रात्री मी नेटवर नकाशा बघितला, आपली हाक कुणाकुणाच्या यंत्राने ऐकली ते त्यावर ठिपक्यांनी दिसतं. ग्रीस, जपान, दक्षिण आफ्रिकेतला एक. त्याचा प्रिंट काढून वाचनालयात दिलाय, तुमचा वेगळा ठेवलाय.

आणि ती गाठ. सोमवारी सकाळी तार काढायला आलो होतो, अर्धा तास झटलो, चाकू लावायला मन झालं नाही. रात्रभर एवढं वारं होतं तरी तसूभर सरकलेली नाही. तेव्हा तार अजून माडावरच आहे, नारळ उतरवणाऱ्यांना सांगून ठेवा, आणि होडी लागली की एकदा याच, सोडून द्या. नाहीतर सर म्हणतायत राहू दे, तर राहू दे.

तुमचा,
एमके६६ मधला तो रेडिओवाला