बाबा, बोट वाकवून बघू नका

प्रिय आई-बाबा,

काल व्हिडिओ कॉलवर बाबांचं बोट पाहिलं, तेव्हापासून तेच डोळ्यांसमोर आहे. गादीखाली चादर खोचताना बोट मुडपलं काय आणि टोक कायमचं झुकलं काय! बाबा, "दुखत नाही, म्हणजे काही नाही," असं तुम्ही म्हणालात. पण या दुखापतीत पुष्कळदा फारसं दुखतच नाही, आणि तिथेच माणूस गाफील राहतो.

बोटाच्या पाठीवरून एक पातळ कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) जाते आणि शेवटच्या पेराला चिकटते. ती ओढली की टोक सरळ होतं. तुमची तीच तुटली आहे. डॉक्टर ज्याला मॅलेट फिंगर म्हणाले ते हेच. एक्स-रेमध्ये हाडाचा तुकडा निघालेला नाही, सांधाही सरकलेला नाही, हे ऐकून जीव भांड्यात पडला. तसं असतं तर ऑपरेशनचा विचार करावा लागला असता.

आता सगळी भिस्त स्प्लिंटवर, म्हणजे बोटाचं टोक सरळ धरून ठेवणाऱ्या पट्टीवर. कंडरेची तुटलेली टोकं जवळ राहिली तरच ती सांधतात, म्हणून बोटाचं टोक दिवसरात्र सरळ हवं, साधारण 6 ते 8 आठवडे. मधे एकदाही वाकलं तर कंडरेचा जुळत आलेला नाजूक जोड ताणला जातो आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. म्हणून बाबा, "बघू तरी, जुळलं का" असं म्हणून स्प्लिंट काढू नका. कुणी चोळून देतो म्हणालं तरी नाही. बोटाचा मधला सांधा मात्र हलवत राहा, नाहीतर तो आखडेल.

आई, स्वच्छतेचं काम तुझ्याकडे. बाबांना तळवा टेबलावर सपाट ठेवायला सांग, टोक टेबलाला टेकलेलंच राहू दे आणि स्प्लिंट अलगद पुढे सरकवून काढ. कातडी कोरडी कर. ती पांढरी, ओली किंवा सोललेली दिसली, बोट बधिर किंवा निळसर झालं, तर डॉक्टरांना लगेच फोन कर.

नंतरही काही आठवडे रात्री स्प्लिंट लागेल. टोक किंचित झुकलेलं राहू शकतं, पण बाबा, त्या हाताने तुम्ही सगळी कामं कराल.

स्प्लिंट लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि दर रविवारी मला बोटाचा फोटो पाठवा.

तुमची,
ताई