मापाच्या वहीतनं लिहिते

मा. संपादक साहेब,

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत लठ्ठपणावर पानभर आलं होतं, वर मोठ्या अक्षरात 'आळस सोडा' आणि खाली ओट्स, किनोआ, ऑलिव्ह ऑइल असा तक्ता. वाचून हसू पण आलं आणि राग पण. मी परभणीला वसमत रोडकडं राहते, २२ वर्षं झाली ब्लाऊज, ड्रेस आणि शाळेचे युनिफॉर्म शिवते, त्यामुळं आमच्या भागातली पोटं कशी सुटायलीत हे डॉक्टरच्या आधी मला कळतं. मापाच्या जुन्या वह्या सगळ्या ठेवल्यात मी. जिचं लग्नातलं ब्लाऊज २८ कंबरेचं शिवलं ती आज ३६ ला आहे, आणि आता तर कापड टाकतानाच म्हणतात, ताई आतून मार्जिन जरा जास्तच ठेवा.

पण एक गोष्ट तुमच्या लेखात नव्हती. ह्याच बाईचा दंडघेर बघा, तो इंचभर पण वाढलेला नसतो. हात काडीसारखे, रक्त कमी म्हणून गोळ्या चालू आणि कंबर मात्र गोल. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला, त्यात आपली बाळं सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडची ३.५ किलोची निघाली, पण आपल्या बाळांत कमी पडलं होतं ते मांस, चरबी नाही. म्हणजे आईच्या पोटातनंच हे सुरू होतंय तर त्याला आळस कसं म्हणायचं तुम्हीच सांगा.

डॉक्टर लोक आपल्याकडच्या बाईला ८० सेंटिमीटर आणि पुरुषाला ९० ही कंबरेची हद्द सांगतात. माझ्या टेपवर ८० म्हणजे साडेएकतीस इंच. चाळिशीपुढच्या गिऱ्हाइकांत त्याच्या आत असणाऱ्या मला बोटावर मोजता येतील. दुसरा हिशोब कंबर भागिले सीट (म्हणजे कुल्ल्यांचा घेर), ते बाईचं ०.८५ च्या आत पाहिजे, म्हणजे सीट ४० असेल तर कंबर ३४ ला थांबली पाहिजे. २०१९-२१ च्या सरकारी कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून जास्त बायका ह्या मापाबाहेर निघाल्या. वजनकाट्यावर जाड म्हणाव्या अशा २४ टक्केच होत्या, बाकीच्यांचं नुसतं पोट. आता इतक्या बायका एकदम आळशी झाल्या का?

आमच्या लहानपणी पोळी सणाला असायची, रोज भाकरी. आता उलट झालंय, भाकरी म्हणजे कौतुक, धाब्यावर जाऊन पैसे देऊन खायची. रेशनवर माणशी पाच किलो धान्य २०२३ पासून फुकट मिळतं, चांगलंच आहे, पण ते बहुतेक गहू आणि तांदूळ, ज्वारी बाजारातनं विकत आणा आणि ती पण गव्हापेक्षा महाग. शेतकऱ्याला तरी काय म्हणायचं, ज्वारी काढायला बाया मिळत नाहीत, पाखरं राखा, भाव मिळेल का माहीत नाही, त्यापेक्षा सोयाबीन बरं म्हणून सगळं शिवार सोयाबीननं भरलंय. परभणीच्याच कृषी विद्यापीठानं 'परभणी शक्ती' नावाची लोह-जस्त जास्त असलेली ज्वारी २०१८ ला आणली, पण ती ज्वारी माझ्या गिऱ्हाइकांत कुणाच्या ताटात मी अजून पाहिली नाही. त्यात थापून भाकरी करायला वेळ लागतो, नोकरीवर जाणारी सून पहाटे उठून कधी थापणार. मग लेकरांना चहा-टोस्ट, नाहीतर दहा रुपयांचा पुडा. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किट, फरसाण, चॉकलेटवरचा जीएसटी ५ टक्के झाला, कोल्ड्रिंकवर तेवढा ४० आहे. एकीकडं पंतप्रधान मन की बात मधे तेल १० टक्के कमी करा म्हणतात आणि दुसरीकडं तळलेलं स्वस्त. मला तर हे कोडं सुटलं नाही.

बाईचं अजून एक असतं जे पुरुषांना कधी दिसत नाही. सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, आणि पातेल्यात जे उरलं ते वाया जाऊ नये म्हणून पोटात घालायचं, उरलेला भात तर हमखास. भाजी संपलेलीच असते.

मला एका डॉक्टरनं रोज पाऊण तास चाला म्हणून सांगितलं. (माझी पायमशीन होती तोवर मला काही नव्हतं, मोटर लावली आणि माझी स्वतःची कंबर वाढली, ते माप वहीत लिहिलेलं नाही.) चालायचं कुठं पण? रस्त्याला फुटपाथ नाही, जिथं आहे तिथं गाडे लागलेत, पहाटे कुत्री, संध्याकाळी टवाळखोर पोरं, आणि एप्रिल-मे मधे ४२-४३ डिग्रीत संध्याकाळी सातला पण डांबर भाजतं. कॉलनीतल्या ओपन स्पेसवर मंडप नाहीतर गाड्या. चार महिने घराच्या गच्चीवर चालले, मग खालच्या भाडेकरूंनी धपधप होते म्हणून तक्रार केली, झालं बंद.

युनिफॉर्मचं तर सांगूच नका, चौथीच्या पोराची पॅन्ट मी आता सातवीच्या मापाची कापते आणि लांबी कमी करते. २०२० चा एफएसएसएआयचा (खाण्याच्या पदार्थांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) नियम आहे की शाळेच्या आवारात आणि बाहेर ५० मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचं काही विकायचं नाही. माझं ज्या शाळेचं काम असतं तिथं गेटला चिकटूनच तीन गाडे, वडापाव, चायनीज, रंगीत सरबत. माझा टेप दीड मीटरचा आहे, तो दोनदा टाकला की गाडा येतो. पुढच्या रविवारी तक्ता छापण्याऐवजी तुमच्या वार्ताहराला एखाद्या शाळेच्या गेटवर मोजायला पाठवा. टेप नसेल तर मी देते.

आपली एक वाचक,
परभणी