बेंच पॉवर सप्लायवर बॅटरी चार्ज करताय? आधी हे वाचा

मंडळी, अ‍ॅडजस्टेबल सप्लायवर (ज्याचं व्होल्टेज आणि करंट नॉबने ठरवता येतं) बॅटरी लावणारे बरेच जण आहेत म्हणून परत एकदा सांगतोय. व्होल्टेज आणि करंट लिमिट (सप्लाय जास्तीत जास्त किती करंट सोडेल ती मर्यादा) दोन्ही बॅटरी जोडायच्या आधीच सेट करा, जोडल्यावर नॉब फिरवत बसू नका. व्होल्टेज सेट झालं की सप्लायच्या दोन वायरी एकमेकांना टेकवून करंट लिमिट ठरवायची, मग सुट्या करून बॅटरी लावायची, प्लसला प्लस, आणि हे दोनदा बघा कारण उलटी लागली तर सप्लाय आणि बॅटरी दोन्हीचा निकाल लागतो.

साध्या लिथियम आयन सेलला ४.२० व्होल्ट, लिथियम आयर्न फॉस्फेटला ३.६५, त्याच्या वर अजिबात नाही. करंट क्षमतेच्या निम्मा पुरे, म्हणजे २००० एमएएचच्या सेलला १ अँपियर. सुरुवातीला करंट लिमिटवरच राहील, व्होल्टेज हळूहळू चढेल, ४.२० ला पोचलं की करंट उतरायला लागेल आणि १०० मिलिअँपच्या आसपास आला की काढून टाका, रात्रभर लावून ठेवायची गरज नाही. सिरीजमधला पॅक (एकामागोमाग एक जोडलेले सेल) असेल तर बीएमएसशिवाय, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणाऱ्या संरक्षण सर्किटशिवाय, हातच लावू नका.

निकेल मेटल हायड्राइड सेल असे चार्ज करू नका, त्यांना वेगळा चार्जर लागतो.

काढताना आधी बॅटरी सोडवा, मग सप्लाय बंद करा, नाहीतर बॅटरीचा करंट उलटा सप्लायमध्ये घुसतो. फुगलेला किंवा गरम होणारा सेल दिसला तर चार्जिंग तिथंच थांबवा.