तुकडा तपासणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

दुर्बीण टाकणारे डॉक्टर पेशंटला भेटतात, आतड्यातून काढलेला तुकडा काचेवर तपासणारे पॅथॉलॉजिस्ट सहसा भेटत नाहीत. म्हणून तुमचे आभार असे चारचौघांत मानतोय.

मला नऊ वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन जखमा होण्याचा आजार आहे. गेल्या उन्हाळ्यात पुन्हा रक्त जाऊ लागलं. एका ठिकाणी दुर्बीण केली, तर रिपोर्टवर लिहून आलं : मोठ्या आतड्यात पुष्कळ पॉलिप (अस्तरावर वाढलेले उंचवटे), कॅन्सरची शंका. त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही. थोरले भाऊ विहिरीजवळचं शेत विकायचं बोलू लागले.

सगळे तुकडे एकाच बाटलीत तुमच्याकडे जळगावला आले होते. तुम्ही स्वतः फोन केलात. आजार किती वर्षांचा, गोळ्या कोणत्या, रक्त अजून जातं का? सूज पेटलेली असताना चांगल्या पेशीही बिथरलेल्या दिसतात, आधी ती बसू द्या, म्हणालात.

तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण झाली. या वेळी डॉक्टरांनी अस्तरावर निळा रंग फवारला. प्रत्येक जागेचा तुकडा वेगळ्या बाटलीत गेला, पॉलिपच्या आजूबाजूच्या सपाट अस्तराचासुद्धा. हे सगळं तुम्ही त्यांना आधीच कळवलं होतं.

मग तुम्ही मला स्क्रीनसमोर बसवलंत. बोरी नदीला पूर येऊन गेला की काठची माती वाहून जाते आणि मधले उंचवटे तेवढे उभे राहतात. माझ्या आतड्यात तसंच झालं होतं. जखमांनी अस्तर खाल्लं, उरलेलं भरून येताना वर आलं. हे स्यूडोपॉलिप, कॅन्सरकडे जाणारा अडेनोमा वेगळा, हे तुम्ही दोन्ही स्लाइड शेजारी ठेवून दाखवलंत. माझ्या एकाही तुकड्यात डिसप्लेसिया, म्हणजे कॅन्सरच्या आधी पेशींत होणारा बिघाड, नव्हता.

घरी आलो तर आई दारातच उभी. "काय म्हने डाक्टर?" मला बोलताच येईना. रडू आलं.

तुम्ही खोटा धीर दिला नाहीत, याचे आभार वेगळे. आठ वर्षं उलटली की या आजारातच कॅन्सरचा धोका वाढतो, आणि इतक्या उंचवट्यांत खरी गाठ लपू शकते. म्हणून ठरल्या वेळी दुर्बीण चुकवायची नाही, हे तुम्ही दोनदा बजावलंत.

पुढची तपासणी पोळ्यानंतर आहे. बाटल्यांवर जागा लिहिल्यात ना, हे या वेळी मीच विचारीन.

आपला ऋणी,
अमळनेर तालुक्यातला एक कापूस उत्पादक