विश्रामबागवाड्यातल्या पहारेकरी दादांना

दादा, नमस्कार.

त्या दिवशी तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे असं उघड पत्र.

मागच्या महिन्यात ८३ वर्षांच्या आईला घेऊन मी विश्रामबागवाड्यात आले होते. शुक्रवार पेठेतला आमचा वाडा पाडून तिथे इमारत झाली, त्याला आता तीस वर्षं होत आली. तेव्हापासून आईने कुठल्याच वाड्यात पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी तुळशीबागेतून परतताना बाजीराव रस्त्यावर तीच थांबली आणि सज्जाकडे बघत राहिली. म्हणाली, "आत जाऊ या का गं?"

जिना बघून मी म्हटलं, खालूनच बघू. तेवढ्यात तुम्ही प्लास्टिकची खुर्ची घेऊन पुढे झालात. "आजी, एका वेळी एकच पायरी. मागे कुणी नाहीये." एका हातात खुर्ची, दुसऱ्या हाताचा तिला आधार. मधल्या वळणावर तिला दम लागला, तर तिथेच खुर्ची मांडून तिला बसवलंत आणि घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाहीत. वाडा बंद व्हायची वेळ झाली होती, हे मला नंतर कळलं.

वर पोचल्यावर तिला सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब आणि त्यांच्या माथ्यावर कोरलेली केळफुलं दाखवलीत. आईने सागवानावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. "वाळवी?" एवढंच विचारलं. तुम्ही बोटाच्या पेराने खांबावर टकटक केलंत आणि म्हणालात, "ऐका आजी, खणखणीत आहे." मग तिनेही वाजवून पाहिलं. आमच्या वाड्याच्या तुळया वाळवीने पोखरल्या होत्या, दादा. ती टकटक तिच्यासाठी काय होती, ते तुम्हाला कसं कळलं असेल, याचं मला अजून नवल वाटतं.

दुसऱ्या बाजीरावांनी हा वाडा हौसेने बांधला, दोन लाख रुपये खर्चून, आणि त्यांना तिथे उणीपुरी अकरा वर्षं राहायला मिळालं. पेशवाई गेली. १८७९च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला, तरी वाडा राहिला. हे मी वाचलेलं होतं. पण १८२१ साली याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, हे आईला तुम्ही सांगितलंत. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेली बाई ती! खुर्चीत ताठ बसली आणि 'रामः रामौ रामाः' पासून सगळ्या विभक्त्या तिने म्हणून दाखवल्या. तुम्ही हात बांधून शेवटपर्यंत ऐकलंत. अलीकडे ती नावं विसरते, औषधाच्या वेळा विसरते. तिथे एकही रूप चुकली नाही.

वाड्याची डागडुजी करणाऱ्या सुतार-गवंड्यांचे आणि महापालिकेचे आभार पुणेकरांनी मानायलाच हवेत. त्यांच्यामुळे तो खांब उभा आहे. पण आईचा हात त्या खांबापर्यंत पोचला तो तुमच्यामुळे.

त्या रात्री तिने मला आमच्या वाड्यातली चौकातली तुळस, माजघर, न्हाणीघराची कडी असं सगळं सांगितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि न रडता.

पुढच्या बुधवारी आम्ही पुन्हा येतोय. आईने तुमच्यासाठी बेसनाचे लाडू वळायला घेतलेत. तेव्हा तुमचीच पाळी असेल ना?