नानांच्या व्हॅनबद्दल

फैजपूर,
रविवार रात्र

तीर्थरूप नाना आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

नाना, हे पत्र ताईकडून वाचून घ्या. डोळ्याची पट्टी निघाली म्हणून लगेच बारीक अक्षरावर डोळे ताणू नका. ताई, तू मध्ये स्वतःचं काही घालू नकोस.

फोनवरच सांगणार होतो. तीनदा लावला आणि तीनदा केळीच्या भावावर बोलून ठेवला. म्हणून लिहितो. आपली व्हॅन मी मोडली. मागच्या रविवारी. तुम्ही सुरतेला असताना केलं, हे जास्त वाईट, कळतं मला. पण तुम्ही ओट्यावर बसलेले असताना माझ्या हातून ग्राइंडर चालला नसता.

दिवाळीपासून शेडमध्ये जो सांगाडा उभा होता, आई ज्याला “हे खुराडं कोणाच्या कोंबड्यांसाठी करू राह्यला?” म्हणाली होती आणि मी ट्रॉली म्हणून वेळ मारून नेली होती, ती ट्रॉली नाही. शर्यतीची गाडी आहे. हौशी लोकांच्या शर्यतीची. बक्षिसाची रक्कम विचारू नका.

१९५७ साली इंग्लंडात कोलिन चॅपमन या इंजिनिअरने लोटस सेव्हन नावाची उघडी, दोन सीटची गाडी काढली. ती सुट्या भागांतही मिळायची, लोक घरी नेऊन जोडायचे, आणि तयार गाडीवरचा कर वाचायचा. (इथे तुम्ही मान डोलावली असणार.) तसली चासी आता कितीतरी लोक घरीच करतात. माझी २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपची आहे. प्लायवर खडूने पूर्ण आकृती काढली, पाइप नुसत्या टाक्यांनी धरले, दोन्ही कर्ण दोरीने मापले, मगच वेल्डिंग. तेही थोडं या कोपऱ्यात, थोडं त्या कोपऱ्यात, कारण एकाच बाजूने मारत गेलं की सांगाडा ओढला जाऊन वाकडा होतो. नाक आणि मडगार्ड तेवढे फायबरचे विकत आणले.

इंजिनासाठी व्हॅनला हात लावायचा नव्हता. शपथ. एक जुनं इंजिन भंगारातून आणलं होतं, त्याच्या ब्लॉकला चीर निघाली. मग शेडच्या मागे रोज ती दिसायची. २००८ची मारुती ओम्नी, २०२३ला नोंदणी संपली, पुन्हा पासिंग केलं नाही, उंदरांनी वायरिंग खाल्लं. आणि छोट्या गाड्या बहुतेक पुढच्या चाकांवर ओढतात. व्हॅनचं तसं नाही. इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं, त्याच्या मागे गिअरबॉक्स, मग शाफ्ट, मग मागची चाकं. मला नेमकी हीच रांग हवी होती. नाना, त्या सेव्हनचे हक्क आता कॅटरहॅम कंपनीकडे आहेत. तिनेही एका मॉडेलला सुझुकीचंच तीन सिलिंडरचं इंजिन लावलं, ६६० सीसीचं. त्याला टर्बो आहे, आपल्याला नाही. पण आपलंही सुझुकीच्याच घराण्यातलं, ७९६ सीसीचं आहे, म्हणजे गोत्र तेच.

आणि हे पहिल्यांदा मलाच सुचलं असंही नाही. कोइमतूरच्या करिवर्धन यांनी १९८८च्या सुमारास मारुती ८००चं इंजिन घालून शर्यतीच्या गाड्या बनवल्या. फॉर्म्युला मारुती म्हणत. त्यांच्याच नावाचा ट्रॅक कोइमतूरजवळ आहे, साधारण २.१ किलोमीटरचा. मी तिथेच जाणार आहे. ते वारले ते छोट्या विमानाच्या अपघातात, गाडीच्या नाही. हे सांगायला नको होतं बहुतेक. आई, तू हे वाक्य ऐकलंच नाहीस असं समज.

भीतीचं म्हणशील तर ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही. ट्रक नाही, म्हैस नाही, उसाची ट्रॉली नाही. मी रोज बऱ्हाणपूर रोडने जातो, तेव्हा तू देवाला एवढा नवस बोलत नाहीस. डोक्यामागे कमान आहे, शिवण नसलेल्या ४५ मिलिमीटरच्या पाइपची, भिंत अडीच मिलिमीटर. खांद्यावरून, कमरेवरून आणि मांड्यांमधून असे सहा ठिकाणी बांधणारे पट्टे आहेत. आग विझवायचा सिलिंडर आहे, बाहेरूनही करंट तोडता येईल असा स्विच आहे. हे सगळं तपासल्याशिवाय ट्रॅकवाले गाडी आत सोडत नाहीत. शर्यतीच्या लायसन्सला डॉक्टरचा दाखला लागतो, तो मी काढला. माझं बीपी तुझ्यापेक्षा चांगलं आहे. आणि रस्त्यावर ही गाडी एक फूटही चालणार नाही. घरी बनवलेल्या गाडीला असा नंबर मिळत नाही. ती आयशरवर चढवून जाईल आणि तशीच परत येईल. कर्ज काढलं नाही. तुमच्या सुनेला सगळा हिशेब माहीत आहे. ती बोलत नाही माझ्याशी, पण माहीत आहे.

बेअरिंगची गाडी आठवते, नाना? मोटारीची तीन जुनी बेअरिंगं आणि खोक्याच्या फळ्या. मारुतीच्या पारापासून उतारावर सोडली तेव्हा हनुवटी फुटली होती. आईने जखमेत हळद दाबली आणि त्याच संध्याकाळी फळ्या चुलीत घातल्या. तुम्ही काही बोलला नाहीत. बेअरिंगं मात्र उचलून ठेवलीत. ती अजून कोठीतल्या डब्यात आहेत, परवा सापडली.

तुमची काही गैरसोय होणार नाही. जुनी पण चांगली वॅगन-आर घेतली आहे, सीट उंच आहे, आईला गुडघा दुमडून चढावं लागणार नाही. कमानीचा पाइप उरला त्याचा न्हाणीघरात धरायला दांडा केला आणि ओट्याच्या पायऱ्यांना कठडा, कडा घासून गुळगुळीत केल्यात, हात लागणार नाही. व्हॅनची तुमची सीट लोखंडी पायांवर बसवून ओट्यावर ठेवली आहे, पेपर वाचायला. आजीच्या त्या रात्रीचा डाग आहे तसाच आहे, धुतला नाही. मनुदेवीचं चित्र काचेवरून सुटताना कोपऱ्यात फाटलं, ते नव्या गाडीत लावलंय.

आता ऐका. थेंब चार वेळा म्हणजे चार वेळा, ‘आज बरं वाटतंय’ हे कारण चालणार नाही. खाली वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, दाजींची स्कूटर तर अजिबात नाही. आई, तू ताईच्या घरी बादल्या उचलतेस, मला कळतं. मीठ कमी कर. पापडही मीठच असतो. कळण्याचं पीठ दळून ठेवलंय, आल्यावर भरीत करू, वांगी मी आणतो, तू फक्त बसायचं.

सोबत एक अर्ज आहे. गाडी कायमची मोडली की चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते आणि आरसी तुमच्या नावावर आहे. आज आठवा दिवस. खूण केली आहे तिथे सही करा. नसेल करायची तर नका करू, रागवा, पण थेंब घाला.

आणि एक विचारायचं होतं. गिअरबॉक्स उघडला. दुसऱ्या गिअरची पितळी रिंग, जिच्यामुळे गिअर न अडखळता पडतो, ती पार झिजलेली निघाली, बाकी सगळं ठणठणीत. तुम्ही पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना न्यूट्रलला एक क्षण थांबायचात, मी हसायचो. ती रिंग गेलीय हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं का? नवी टाकू, की थांबायचं मला शिकवाल?

तुमचा,
बाळू